खांद्याशी मोडलेला हात: झोळी, ब्रेस की प्लेट?

प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळच्या गावातल्या ६८ वर्षांच्या आई जूनच्या पहिल्या पावसात विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरल्या, त्याला पाच दिवस झाले. उजव्या दंडाचं हाड खांद्याशी मोडलंय. रिपोर्टमध्ये लिहिलंय: सर्जिकल नेकचं (गोळ्याखालच्या मानेचं) फ्रॅक्चर, ग्रेटर ट्युबरॉसिटीचा (बाहेरच्या मोठ्या उंचवट्याचा) वेगळा तुकडा ३ मिलिमीटर सरकलेला, वाक साधारण २५ अंश, तुकडे एकमेकांत रुतलेले, सांधा जागेवर. एक डॉक्टर प्लेट सांगतात, दुसरे झोळी, आणि शेजारी म्हणतात, हाडवैद्याक दाखवा. त्याच घरातला ३४ वर्षांचा चुलतभाऊ मे अखेरीस आंबे काढताना फांदीवरून पडला. त्याचा दंड मधोमध मोडलाय, प्लास्टरची पट्टी घातलेली आहे आणि मनगट वर उचलत नाही. तो तिसऱ्या आठवड्यात आहे. मुंबईहून मुलगा विचारतो, दोघांचं काय करायचं?

आधी आईंचं बघू. असा रिपोर्ट वाचून 'तीन तुकडे झाले' म्हणत घरचे हादरतात, पण आम्ही हाडांचे डॉक्टर तुकडे मोजतो ते वेगळ्या पद्धतीने. अमेरिकन सर्जन चार्ल्स नीर यांनी १९७० साली मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. खांद्याच्या टोकाला चार भाग धरायचे: वरचा गोळा, बाहेरचा मोठा उंचवटा (ग्रेटर ट्युबरॉसिटी), पुढचा लहान उंचवटा आणि खालची नळी. एखादा भाग १ सेंटिमीटरहून जास्त सरकला किंवा ४५ अंशांहून जास्त कलला, तरच तो 'वेगळा भाग' धरायचा. एक्स-रेवर तीन रेषा दिसत असल्या आणि कोणताच भाग एवढा हललेला नसला, तर हिशोबाने ते 'एक भागाचं', म्हणजे न सरकलेलं फ्रॅक्चर ठरतं. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून आईंचं फ्रॅक्चर याच गटात बसतं. खांद्याशी मोडणाऱ्या दंडांपैकी बहुसंख्य याच गटातले असतात आणि ते झोळीतच जुळून येतात.

मोठ्या उंचवट्यासाठी मात्र मी १ सेंटिमीटरची मुभा देत नाही. खांदा फिरवणारे स्नायू त्याच तुकड्याला चिकटलेले असतात आणि ते त्याला वर-मागे ओढतात. तुकडा ५ मिलिमीटरच्या वर सरकला की हात उचलताना तो वरच्या हाडाखाली अडकतो. अशी अडचण पुढे कितीही व्यायाम केला तरी सुटत नाही. आईंचे ३ मिलिमीटर चालतील, पण ते ३ च राहिले आहेत ना, हे दुसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेत बघायलाच हवं.

तो एक्स-रे नीट काढलेला असावा. छातीसमोरून काढलेला एकच फोटो पुरत नाही. खांद्याचा खरा समोरून, फऱ्याच्या कडेने, आणि काखेतून असे तीन हवेत. काखेतला फोटो दुखतो म्हणून टाळला जातो आणि नेमकं तिथेच चुकतं. गोळा मागच्या बाजूला निसटलेला असेल तर समोरच्या फोटोत तो बऱ्यापैकी जागेवर दिसू शकतो. हात फार बाहेर घ्यावा लागत नाही, झोळी न काढताही हा फोटो काढता येतो. तेही जमलं नाही तर सीटी स्कॅन करावा. गोळा वाटीतून (फऱ्याच्या खोबणीतून) निसटला असेल तर मात्र थांबायला वेळ नाही, त्याच दिवशी हाडांचा सर्जन गाठावा.

वाक किती आहे, यापेक्षा तो कोणत्या बाजूचा आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गोळा बाहेरच्या अंगाला बसून नळीत रुतला असेल तर तो स्थिर असतो, त्याचा आतल्या बाजूचा रक्तपुरवठा बहुधा टिकतो आणि म्हातारपणीही निकाल चांगला लागतो. तोच गोळा आतल्या अंगाला, म्हणजे छातीकडे कलला असेल, तर तो पुढच्या आठवड्यांत आणखी कलत जाण्याची शक्यता असते. गोळा आणि नळी यांच्यातला नेहमीचा कोन १३५ अंशांच्या आसपास असतो. तो १२० च्या खाली जाऊ लागला की आम्ही सावध होतो. तुमच्या डॉक्टरांना हा एकच प्रश्न नेमका विचारा: "गोळा बाहेर बसलाय की आत कलतोय?" दोन डॉक्टरांच्या मतांमधला फरक बहुतेक वेळा याच उत्तरात सापडतो.

आता प्लेटबद्दल. प्लेट वाईट नाही, पण ठिसूळ हाडात ती घालणं अवघड काम आहे. लॉकिंग प्लेट (जिच्यातच स्क्रू घट्ट अडकतात अशी) मोठ्या उंचवट्याच्या टोकाच्या ५ ते ८ मिलिमीटर खाली बसवतात. वर बसली तर हात उचलताना घासते. गोळ्यातले स्क्रू सांध्याच्या पृष्ठभागाच्या अलीकडे थांबायला हवेत. आतल्या खालच्या कडेला आधार देणारे दोन स्क्रू घालायलाच हवेत. आणि स्नायूंच्या मुळांतून जाड धागे ओवून ते प्लेटला बांधायला हवेत, कारण म्हाताऱ्या माणसात हाडापेक्षा ते स्नायूच जास्त भक्कम असतात. यातलं एक जरी राहिलं तरी गोळा आत कलतो, स्क्रू त्यातून पुढे येऊन वाटी खरवडतात आणि दुसरं ऑपरेशन करावं लागतं. शिवाय गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर तो वर्ष-दोन वर्षांत सुकून बसू शकतो, मग प्लेट कितीही सुंदर घातलेली असो.

ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. तिथले रुग्ण सरकलेल्या फ्रॅक्चरचे होते, म्हणजे आईंपेक्षा जास्त मोडलेले. तरी ऑपरेशनवाले आणि झोळीवाले यांच्या हाताच्या कामात दोन वर्षांत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांना ऑपरेशन स्पष्टच लागत होतं, त्यांना त्यात घेतलं नव्हतं, हे विसरू नये. गोळा निसटलेला, गोळाच दुभंगलेला, गोळा आणि नळी यांचा संपर्कच तुटलेला, जखम उघडी असलेली किंवा रक्तवाहिनी दबलेली अशा रुग्णांना झोळीत ठेवणं चूक आहे. सत्तरीच्या पुढे तीन-चार भाग खरोखर विस्कटलेले असतील तर प्लेटपेक्षा उलटा कृत्रिम सांधा जास्त भरवशाचा ठरतो. त्यात गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा बसवतात आणि हात डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरच्या गोलाईच्या स्नायूच्या जोरावर उचलला जातो. म्हणूनच तो स्नायू चालवणारी ॲक्झिलरी नस शाबूत असायला हवी. ती आधीच तपासलेली असावी. खांद्याच्या बाहेरच्या गोलाईवर बोट टेकवल्यावर कळतं का, आणि हात न हलवता तिथला स्नायू आवळतो का, एवढंच बघायचं असतं, दोन मिनिटांचं काम. झोळीने जमलं नाही तर उलट्या सांध्याची वाट नंतरही उघडी राहते. म्हणून आईंच्या बाबतीत आधी झोळी, हेच माझं मत.

झोळी म्हणजे हात गळ्यात अडकवून तीन महिने गप्प बसणं नव्हे. खरं नुकसान होतं ते इथेच. हाड जुळतं, पण खांदा लाकडासारखा होतो. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर हलायला हवं. हात झोळीतून काढून कोपर पूर्ण सरळ करायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. रुमालाचा बोळा मुठीत दाबत राहायचं, त्याने हाताची सूज उतरते. बांगड्या आणि अंगठ्या अजून काढल्या नसतील तर आजच काढा. हिरव्या चुड्याबद्दल मन हळवं असतं हे मान्य, पण सुजलेल्या मनगटात रुतलेली काच नंतर कापूनच काढावी लागते.

सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दुखणं थोडं निवळलं की लंबकाचा व्यायाम सुरू करायचा. डाव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन कमरेतून वाकायचं, उजवा हात सैल लोंबता सोडायचा आणि अंग डोलवून तो पुढे-मागे, मग लहान वर्तुळात फिरू द्यायचा. हात स्वतःच्या जोराने हलवायचा नाही. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसात चार वेळा. याआधी डॉक्टरांनी हाताने तपासावं: कोपर धरून दंड अलगद आत-बाहेर फिरवताना वरचा गोळा सोबत फिरतो का? फिरत असेल तर फ्रॅक्चर एकसंध वागतंय आणि हालचाल लवकर सुरू करता येते. गोळा मागे राहत असेल तर तीन आठवडे थांबायचं.

तिसऱ्या आठवड्यानंतर उताणं झोपून डाव्या हाताने उजवं मनगट धरून हात डोक्याकडे न्यायचा. काठीचं एकेक टोक एकेका हातात घेऊन उजवा पंजा बाहेर ढकलायचा. सहाव्या आठवड्यात एक्स-रेत नवं हाड दिसलं की झोळी सुटते आणि स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सुरुवात होते. तेव्हा घरातल्या झोपाळ्याच्या कडीवरून दोर टाकून घ्या. चांगल्या हाताने खाली ओढायचं आणि दुखरा वर जाऊ द्यायचा, याच्याइतकं सोयीचं साधन फिजिओथेरपीच्या खोलीतही नसतं. जोराचं काम दहा-बारा आठवड्यांनंतर. भरलेली कळशी, रहाटाचा दोर आणि विळीवर नारळ खवणणं तीन महिने बंद. सुधारणा वर्षभर होत राहते. केस विंचरणं, डोक्यावरून पदर घेणं, खांद्याच्या उंचीच्या फळीवरचं भांडं काढणं एवढं बहुतेकांना जमतं. पूर्वीसारखा हात पूर्ण वर जाईलच असं मी सांगणार नाही.

दोन गोष्टींनी घाबरू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात दंड, कोपर, छातीची बाजू काळी-निळी होते, कधी कमरेपर्यंत. ते आतलं रक्त गुरुत्वाने खाली उतरतं, 'नवी दुखापत' नसते. आणि पहिल्या एक्स-रेत गोळा वाटीतून थोडा खाली उतरलेला दिसला तर तो बहुधा स्नायू ढिले पडल्याने. काही आठवड्यांत तो वर येतो. घाबरायचं कशाने? बोटं गार किंवा पांढरी पडली, मुंग्या वाढत गेल्या, बोटं सरळ केल्यावर सहन न होणारी कळ आली, किंवा ताप येऊन खांदा लाल झाला, तर रात्र असली तरी निघायचं.

झोपताना सपाट गादी पहिले तीन आठवडे टाळा. आरामखुर्ची किंवा पाठीमागे चार उशा, कोपराखाली एक लहान उशी. ब्लाउज पुढून उघडणारा सैल, घालताना आधी दुखरा हात, काढताना आधी चांगला हात. कोकणातल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते काखेकडे. हात अंगाला चिकटलेला, हवा दमट, तीन दिवसांत कातडी पांढरी पडून सोलते आणि बुरशी धरते. लंबकाच्या व्यायामासाठी वाकता तेव्हाच काख साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा, पंख्याखाली कोरडी करा आणि घडी केलेलं सुती फडकं ठेवा, ते दिवसातून दोनदा बदला. पावडर भरू नका, तिचे गोळे होतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

हाडवैद्याबद्दल स्पष्ट लिहितो. त्यांच्याकडे बरे होणारे लोक खोटं बोलत नाहीत. यातली बहुतेक फ्रॅक्चर्स नुसत्या झोळीतही जुळली असती, श्रेय मात्र झाडपाल्याच्या लेपाला मिळतं. धोका वेगळ्याच गोष्टींत आहे. बांबूच्या कांबी घट्ट बांधल्या की खाली सूज वाढते, रक्त अडतं आणि स्नायू मरतात, हात वाकडा होतो तो कायमचा. पाल्याच्या लेपाखाली फोड येतात आणि मग खरंच ऑपरेशन लागलं तर ती कातडी बरी होईपर्यंत थांबावं लागतं. गरम तेलाने चोळलं तर रुतलेले तुकडे सुटतात. 'बांधणं' आणि 'चोळणं' या दोन गोष्टींना ठाम नकार द्या.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हे ठिसूळपणाचं लक्षण आहे. आईंचा खांदा जुळला तरी पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं आणि ते जिवावर बेततं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासून घ्या. शहरात जाणं झालं तर डेक्सा स्कॅनही (हाडांची घनता मोजणारा) करून घ्या. रोजचं कॅल्शियम १,००० ते १,२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, काट्यासकट खायचे छोटे सुके मासेही उपयोगी. ड जीवनसत्त्व बहुधा ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे असं देतात. पण नुसत्या या गोळ्यांवर थांबू नका. आठवड्याला ॲलेंड्रोनेट किंवा वर्षाला एक झोलेड्रोनिक ॲसिड, या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांतलं काही द्यायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. विहिरीच्या पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासून घ्या आणि एका बाजूला कठडा बसवा.

आता भाऊ. त्याचं हाड आणि त्याची नस हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दंडाच्या मधोमध रेडियल नस हाडाला वेटोळं घालून जाते. म्हणून नळी मोडलेल्या दर आठ-नऊ जणांत एकाचं मनगट लुळं पडतं. विचारायचं ते हे: पडल्यावर लगेच मनगट लुळं होतं, की हाड बसवून पट्टी घातल्यावर झालं? लगेच झालं असेल आणि कातडी शाबूत असेल, तर नस बहुधा फक्त चेंगरली किंवा ताणली गेली आहे, आणि अशा दहातल्या आठ-नऊ नसा आपोआप परततात. पट्टीनंतर झालं असेल किंवा जखम उघडी होती, तर हे सर्जनला आजच सांगा. वाट बघताना मनगट वर धरणारी कॉक-अप पट्टी दिवसरात्र हवी, आणि दुसऱ्या हाताने मनगट, बोटं, अंगठा मागे नेण्याचा व्यायाम रोज. नाहीतर नस परत येईल तेव्हा सांधे आखडलेले असतील. नस दिवसाला १ मिलिमीटरच्या सुमाराने वाढते, म्हणून तीन-चार महिने लागणं स्वाभाविक आहे. आधी कोपराच्या बाहेरचा स्नायू फुगायला लागतो, मग मनगट उठतं, बोटं आणि अंगठा शेवटी. आता एक ईएमजी (नस आणि स्नायूंची विद्युत तपासणी) आणि बाराव्या आठवड्यात दुसरा करा. चार-सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर नस उघडून बघतात. तेही फसलं तरी चांगल्या स्नायूचे दोर वळवून मनगट उचलण्याचं ऑपरेशन आहे आणि त्याचा निकाल उत्तम असतो. हा हात निकामी झाला असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

हाडासाठी प्लास्टरची पट्टी आता काढून फंक्शनल ब्रेस घालायची वेळ झाली आहे, खरं तर ती दहा-चौदा दिवसांनीच घालतात. दोन प्लास्टिकची कवचं आणि वेल्क्रोचे पट्टे, काखेच्या दोन बोटं खालपासून कोपराच्या दोन बोटं वरपर्यंत. सूज उतरते तसे पट्टे रोज आवळायचे. सैल ब्रेस म्हणजे ब्रेस नाहीच. मनगटाला गळपट्टा, पण कोपराखाली आधार नको. खुर्चीच्या हातावर किंवा उशीवर कोपर टेकलं की वजन वर ढकललं जातं आणि हाड बाहेरच्या बाजूला वाकतं. आईंच्या कोपराखाली उशी चालते, त्याच्या नाही, घरात हे दोघं शेजारी बसलेले असताना नेमका गोंधळ होईल. आत सुती बाही हवी. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून जुन्या बनियनच्या चार-पाच शिवून ठेवा.

या हाडात ३ सेंटिमीटर आखूडपणा, पुढे २० आणि बाजूला ३० अंशांपर्यंतचा वाक हाताच्या कामाला बाधत नाही. निर्णायक तपासणी सहाव्या आठवड्याची. सर्जनने दंड हातात धरून बघावं. तुकडे अजून सैल हलत असतील तर पुढे सहा महिने वाट बघण्यात अर्थ नाही, तेव्हाच प्लेटचं ठरवावं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या ८२ रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर ऑपरेशनवाले आणि ब्रेसवाले अशा दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते, पण ब्रेसवाल्यांपैकी साधारण दहातल्या तिघांना हाड न जुळल्याने नंतर ऑपरेशन करावं लागलं. आडवं, सरळ तुटलेलं हाड आणि तंबाखू या दोन्हींनी हा धोका वाढतो. मशेरी, गुटखा, विडी आजपासून बंद. प्लेट घालायचीच तर ४.५ मिलिमीटरची, फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रूंची, आणि रेडियल नस डोळ्यांनी बघून जपलेली. नंतर ती उगाच काढायची नाही, काढताना त्याच नसेला धोका असतो.

ब्रेस साधारण दहा-बारा आठवडे लागतो. दोन्ही बाजूंच्या एक्स-रेत हाड भरलेलं दिसल्यावर आणि मनगटाची पकड परत आल्यावर त्याला जड काम करता येईल. येत्या हंगामात झाडावर चढायचं ठरवण्याआधी त्याने लोंबकळून स्वतःचं वजन मोडलेल्या हातावर पेललं पाहिजे. ते जमत नसेल तर आंबे खालून घळाने (जाळी लावलेल्या लांब काठीने) काढावेत.